आगोट आणि तेवीस किलो

आमच्या ओटीवर गेले आठ दिवस दोन पसारे शेजारी शेजारी पडले आहेत. एक दरवर्षीचा. रातांब्याची सोलं, मिठाच्या बरण्या, ऊन दाखवून परत डब्यात जायच्या मिरच्या, कुळीथ, सांडगे, आणि मागच्या पडवीत चुलीसाठी रचलेली माडाची चुडतं नि नारळाची सोडणं. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आली की कोकणातलं घर चार महिन्यांचा हिशेब मांडून बसतं. दुसरा पसारा मात्र या घरात पहिल्यांदाच आलाय. लेकीची जुनी निळी बॅग, तिच्याभोवती आमच्या दोघांचे कपडे, गोळ्यांची पाकिटं, झेरॉक्स काढलेले कागद. येत्या तीस तारखेला आम्ही मॉरिशसला निघालो आहोत.

लेक तीन वर्षं तिथे नोकरी करते. तिकिटं तिनेच काढली. फोनवर म्हणाली, "आई, फार काही भरू नकोस. आपल्यासारखंच आहे सगळं. समुद्र, माड, दमटपणा." मला ते पटलं. नकाशा समोर धरला तर मालवण विषुववृत्ताच्या वर सोळा अंशांवर, मॉरिशस खाली वीस अंशांवर. दोन्ही उष्ण कटिबंधात, मध्ये एकच समुद्र. घरातून उठून घरातच जायचं, असं वाटलं.

तरी नवीन देशाला निघायचं म्हणून उष्ण देशांतल्या प्रवासाच्या तयारीबद्दल जे मिळेल ते वाचलं. त्यातलं बरंचसं थंड प्रदेशातल्या माणसांसाठी लिहिलेलं असतं. सैल सुती कपडे घ्या, अंगभर बाह्यांचे घ्या, मच्छरदाणी घ्या, पाणी उकळून प्या, पायांच्या बोटांमध्ये ओल राहू देऊ नका, माडाखाली बसू नका, बूट घालण्यापूर्वी झटका. वाचता वाचता मी थांबले. ही तर आमच्या घरातली रोजची बोलणी. "बाय, पायाची बोटां पूस" हे माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आयेने, माझ्या मुलांना किती वेळा सांगितलं असेल! माडाखाली खाट टाकायची नाही, सांजवेळी दार लोटून धूप घालायचा, पावसात उकळलेलंच पाणी प्यायचं. डॉक्टर आता लिहून देतात ते इथल्या बायकांना पाठ होतं. कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. चिखलात भातलावणी करून पायाला कुये झालेल्या, तापाने पोरं गमावलेल्या बायकांनी ते शिकून पुढे दिलं होतं. ती यादी वाचताना मला त्या सगळ्यांचा फार आदर वाटला.

दमट हवेसाठी सामान कसं भरायचं हेही कोकणी माणसाला निराळं शिकावं लागत नाही. चामड्याची वस्तू न्यायची नाही, आठवड्यात हिरवी होते. जाडी जीन्स न्यायची नाही, वाळत नाही नि वाळली तरी उबट वास जात नाही. सुती साड्यांतसुद्धा धुतल्यावर रात्रभरात वाळेल तीच. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि त्यात कापडाच्या पुरचुंडीत भाजून गार केलेले मूठभर तांदूळ. आमच्या घरच्या सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर अशी पुरचुंडी कित्येक पावसाळे आहे. एक सुधारणा मात्र करावी लागली. मॉरिशसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे. त्यामुळे एरवी सामानात कोंबतो तशा दुकानातल्या पिशव्या काढल्या आणि जुन्या लुगड्याच्या कापडाच्या सहा पिशव्या शिवल्या. ओले कपडे वेगळे, सुके वेगळे, चपला वेगळ्या.

इथवर सगळं ओळखीचं होतं. मग लेकीचा पुन्हा फोन आला. "आई, स्वेटर आण हं."

आमच्या घरात स्वेटर नाही. या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला तो लागत नाही. डिसेंबरात पहाटे जरा गारवा पडला तर खांद्यावर पंचा घेतला की झालं. पण लेक राहते ते वाकोआ गाव किनाऱ्यावर नाही, बेटाच्या मधल्या पठारावर आहे. आणि जून म्हणजे तिथला हिवाळा. आग्नेयेकडून वारं सुटतं, पठारावर ढग अडतात, दिवसदिवस भुरभुर लागते.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं ते मोजता येणार नाही. पण ते वाक्य बॅगेत भरायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. इकडे मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या बुडात नाहीशी होते. मॉरिशसमध्ये तसा दिवस नोव्हेंबरात येतो नि पुन्हा जानेवारीत. जूनमध्ये तिथे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, दुपारी बारालासुद्धा जेमतेम अर्ध्या आकाशावर, आणि संध्याकाळी पावणेसहापर्यंत मावळतोही. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आणि हे सगळं असूनही तो देश उष्णच, कारण तिथल्या उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश आणि हिवाळ्याचं २०.४. फरक अवघा ४.३ अंशांचा. एवढ्याशा फरकाला ते लोक उन्हाळा नि हिवाळा म्हणतात. आपणही तसेच, जरा वारं फिरलं की "थंडी पडली" म्हणतो. स्वेटर कुडाळच्या बाजारातून आणला, दोघांना दोन. मे महिन्यात स्वेटर मागितल्यावर दुकानदाराने माळ्यावरून काढून दिले.

आणि त्या वाऱ्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांना मिळून मस्करीन बेटं म्हणतात. त्यांच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर या दिवसांत हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा बसतो. त्याला नावच मस्करीनचा दाब असं आहे. तिथून आग्नेय व्यापारी वारे निघतात, बेटांवरून वायव्येला जातात, विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात. वळले की ते आपले नैऋत्य मोसमी वारे होतात. अरबी समुद्रावरून पाणी भरून घेत येतात, सह्याद्रीला धडकतात आणि आमच्या कौलांवर कोसळतात. म्हणजे लेक ज्या वाऱ्यात स्वेटर घालून ऑफिसला जाते, तोच वारा फिरून इथे आला की आम्ही पेरणी करतो. फळ्यावर खडूने हे बाण मी दरवर्षी काढायचे. बाणाच्या शेपटाकडे कोण राहतं, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. आता माझंच माणूस तिथे राहतं. गेले दोन दिवस दुपारी मतलई वारा पडून खारा वारा सुरू झाला की मी ओटीवर जरा उभी राहते.

औषधांचं काम सोपं होतं, पण ते चोख करायला हवं. यांना रक्तदाबाची गोळी आहे, मला थायरॉईडची. मुक्काम चाळीस दिवसांचा म्हणून साठ दिवसांच्या गोळ्या घेतल्या, सगळ्या मूळ पाकिटांतच, काढून डबीत भरल्या नाहीत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, तिच्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात. निम्म्या गोळ्या हातातल्या पिशवीत, निम्म्या बॅगेत. खोकल्याचं जुनं औषध काढून ठेवलं, त्यात कोडीन होतं. अशी औषधं परदेशात चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत. आफ्रिकेतल्या केनियासारख्या देशात जाऊन यायचं तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते नि तिचं पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर इथे अडकवून ठेवू शकतात. मॉरिशसला ती गरज नाही.

डासांचं मात्र मी हलक्यावर घेतलं नाही. तिथे स्थानिक मलेरिया राहिलेला नाही, पण डेंगी आणि चिकुनगुनिया आहे. २००५-०६ साली हिंदी महासागरातल्या या बेटांवर चिकुनगुनियाची फार मोठी साथ आली आणि त्याच २००६ साली ती महाराष्ट्रातही पसरली. त्या वर्षी माझ्या माहेरी एकही माणूस धड चालत नव्हतं. वडील चहाची कपबशी दोन्ही हातांनी उचलायचे. सहा महिने त्यांची बोटं वळली नव्हती. म्हणून सांगते, हा डास दिवसाढवळ्या चावतो, मच्छरदाणी त्याला पुरत नाही. अंगभर कपडे आणि डास पळवायचं मलम दिवसाच लावायचं, आणि उन्हाचं मलम लावत असाल तर ते आधी, डासांचं वरून. आणि मागे घरी राहणार त्यांनी करवंट्या पालथ्या घालायच्या. मी आमच्या परसातल्या सगळ्या घातल्या.

समुद्रात उतरायला रबरी तळव्याचे बूट घेतले. मॉरिशसला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी उथळ नि शांत असतं, आणि त्या पाण्यात दगडासारखाच दिसणारा विषारी काट्यांचा मासा तळाला बसून असतो. आमच्या शेजारच्या दालदी काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाकटासाठी घासटत चालतंस तसा थंय चालू नको, बूट घाल." वाळूत पाय घासत चाललं की काटेरी शेपटीचं पाकट आवाजाने दूर होतं, दगडी मासा होत नाही. हा फरक त्यांना न बघताच कळला.

आता खरं अवघड प्रकरण. काय न्यायचं नाही ते.

मे महिना संपतोय. अढीतले शेवटचे हापूस पिकलेत. लेकीने तीन वर्षं घरचा आंबा खाल्लेला नाही. कुठल्या आईच्या मनात येणार नाही की डझनभर आंबे बॅगेच्या तळाला घालावेत? चार वर्षांपूर्वी एकदा दुसऱ्या एका देशात भाचीकडे जाताना मी घातले होते. विमानतळावर बॅग उघडली, तिथल्या बाईने हातमोजे घालून एकेक आंबा उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत पिंपात टाकला. मी रडले होते. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

आता वाटत नाही. आमच्या परसात बावीस माड आहेत. गेली काही वर्षं त्यांच्या झावळ्यांच्या खालच्या अंगाला पांढऱ्या वळ्यांची रांगोळी काढल्यासारखी माशी बसते. तिची चिकट विष्ठा खालच्या पानांवर पडते, तिच्यावर काजळी धरते, आणि हिरवागार माड चुलीतून काढल्यासारखा काळा दिसतो. ही माशी आपली नाही. मध्य अमेरिकेकडची. भारतात ती २०१६ साली पहिल्यांदा तमिळनाडूत सापडली, आणि बघता बघता किनाऱ्याकिनाऱ्याने इथवर आली. कुणाच्या तरी रोपाबरोबर, कुणाच्या तरी हौसेबरोबर आली असेल. कुणी वाईट हेतूने आणली नसणार. आणि उलटही झालंय. माडाचा शेंडा पोखरणारा आपला गेंडाभुंगा १९६२ साली मॉरिशसमध्ये पोचला आणि तिथल्या माडांचं त्याने फार नुकसान केलं. नवीन फुटलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की काळजात काय होतं ते माडवाल्याला विचारा. २०१४ साली युरोपने भारतीय आंबा बंद केला तो फळमाशीमुळेच, आणि त्या मोसमात देवगडच्या बागायतदारांची झोप उडाली होती. माझा एक आंबा म्हणजे नुसता एक आंबा नसतो, हे मला आता समजतं.

म्हणून आंबे नाहीत. रोपं नाहीत, बियाणं नाही, ऊस तर नाहीच. साखरेवर उभा राहिलेला देश आहे तो, परका ऊस त्याला परवडणार नाही. सुके बांगडे, सुकट, काही नाही. सुकं खोबरंही नाही, आणि त्याचं कारण आणखी वेगळं. खोबऱ्यात तेल असतं. ढीग करून ठेवलं की ते आतल्या आत तापतं. पावसाळी हवेत खोबऱ्याच्या पोत्यात हात घातला तर ऊब लागते, हे इथल्या सगळ्या तेलघाण्यांना माहीत आहे. त्यामुळे विमानाच्या नियमांत खोबरं हे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात. नेलं काय? दुकानातला बंद पाकिटातला मालवणी मसाला, बंद पाकिटातली आमसुलं, आणि हे दोन्ही प्रवासाआधी भरायच्या ऑनलाइन अर्जात लिहिलं. लपवायचं काही नाही. विचारलं तर दाखवायचं, ठेवून घेतलं तर द्यायचं.

एवढं सगळं ठरल्यावर लेकीने ती गोष्ट सांगितली.

तिची घरमालकीण साठी उलटलेली बाई आहे. घरात क्रेओल बोलते, फ्रेंच वाचते. मराठी तिला येतं ते आरतीपुरतं, पण "सुखकर्ता दुःखहर्ता" सबंध येते. तिच्या पणजोबांचे वडील इथून गेलेले. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच करारावर हिंदुस्थानातून माणसं न्यायला सुरुवात झाली होती, २ नोव्हेंबर १८३४ ला पहिली तुकडी तिथे उतरली. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, दक्षिणेतली. पण मुंबईच्या बंदरातूनही जहाजं सुटत होती आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरून दगडी सोळा पायऱ्या चढल्या की त्यांची नोंद व्हायची. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ती जागतिक वारशात आहे. नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव.

त्या बाईंनी आपल्या माणसाचं पान मिळवलंय. लेकीने फोटो पाठवला. मी तो मोठा करून करून बघितला. वय बावीस. कपाळावर व्रण. जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात लिहिणाऱ्याने कानाला जसं आलं तसं काहीतरी लिहिलंय, इंग्रजी वळणाची सहा-सात अक्षरं, ती कुठल्याच गावाला लागत नाहीत. मी त्यावर तीन रात्री घालवल्या. कधी राजापूरकडचं वाटतं, कधी आमच्याच तालुक्यातलं. आज सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा आहे, पण तो झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आम्हीही रत्नागिरीच. त्यामुळे तो माणूस इथला नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

बाईंनी लेकीजवळ निरोप दिला होता. "तुझी आई येते आहे तर मूठभर माती आणेल का?"

बावीस वर्षांचा तो मुलगा निघाला तेव्हा त्याच्या गाठोड्यात काय असेल, याचा विचार मी हल्ली बॅग भरताना सारखा करते. शिडाच्या जहाजातून कित्येक आठवड्यांचा प्रवास. पाच वर्षांचा करार. तिथे थंडी असते की पाऊस, हे त्याला कुणी सांगितलं असेल? एखादं कांबळं, तांब्या, पंचा. पण ज्याला वजन नव्हतं ते बरंच गेलं. तिथले मराठी लोक अजून झाकरी नाचतात, म्हणजे रत्नागिरीकडची जाखडी. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आणि इकडे काय आलं? साखर आली. माझी आजी पांढऱ्या साखरेला "मोरस" म्हणायची. "मोरस साखर नको, गूळ घाल." मोरस म्हणजे मॉरिस, मॉरिशस, हे मला फार उशिरा कळलं. कोकणातून गेलेल्या हातांनी तोडलेला ऊस साखर होऊन कोकणातल्या डब्यात परत आला आणि डब्यावर त्या बेटाचं नाव राहिलं, माणसांचं कुणाचं नाही. हे मला फार लागतं.

आणि त्या बाईंना हवी होती फक्त मूठभर माती. तीच नेता येत नाही. झाडांना लागणारे कितीतरी रोग मातीतूनच जातात, त्यामुळे मातीला सगळ्यात कडक बंदी. कागदाच्या पुडीत, देवाच्या करंड्यात, कुठेही घालून ती नेणं म्हणजे आमच्या माडांवर जे झालं ते त्यांच्या अंगणात नेऊन ठेवणं. मी लेकीला सांगितलं, त्यांना समजावून सांग. ती म्हणाली, "सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत गं."

परवा संध्याकाळी आयेच्या पायाला तेल लावत होते. आयेला सत्याऐंशी वर्षं झाली, ती कुडाळच्या पुढे कधी गेलेली नाही. बॅगेचं रोज विचारते, रोज सांगते. तिला ही मातीची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाली, "कच्ची माती नेव नको. भाजलेली ने."

मला कळेना.

"गो, मडक्या ने, पणती ने. आव्यात घातली काय तिच्यात किडो रवता, की मूळ रवता? भाजलेल्या मातीक कोण अडवतलो? आणि माती ती मातीच मा."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. वर्गात मीच शिकवलेलं होतं. माती सहाशे अंशांच्या आसपास तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, मग ती कितीही भिजवा, परत चिखल होत नाही. आयेला अंश माहीत नाहीत. तिला कुंभाराचा आवा माहीत आहे.

काल सकाळी कुंभारवाडीत गेले. बरं झालं लवकर गेले, कारण आगोट लागली की आवा लागत नाही. सरपण ओलं, माल वाळत नाही, चाक चार महिने भिंतीला. मोसमातला शेवटचा आवा नुकताच उघडला होता. गवताची राख अजून कोमट होती. कुंभारदादा एकेक भांडं काढून बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकत होते. पक्कं असेल ते टणकन वाजतं, कच्चं राहिलं असेल ते बद्द. बद्द वाजलेलं बाजूला. मी विचारलं, माती कुठली? तर म्हणाले, तळीच्या वरच्या मळ्यातली, आजोबा काढायचे तिथलीच, तिच्यात नदीकडची जरा रेती. कशासाठी हवी ते मी सांगितलं. तेव्हा त्यांनी बाजूला ठेवलेल्या पणत्यांपैकी तीन घेतल्या, तिन्ही वाजवून बघितल्या, दोन परत ठेवल्या.

ती एक माझ्याकडे दिली. विटकरी रंग, बुडाला धुराचा काळा डाग. वात टेकवायची चोच काढताना अंगठा दाबलाय, तिथे अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा भाजल्या गेल्यात. उन्हात तिरकी धरली की मोजता येतात. पैसे द्यायला लागले तर घेईनात. म्हणाले, "त्या बायेक सांगा, माजो आंगठो आसा त्याच्यार."

घरी आणून ती मी ब्रशने घासून धुतली, राखेचा कण ठेवला नाही, दिवसभर कडकडीत उन्हात ठेवली. अर्जात तिची नोंद केली. मातीची भाजलेली पणती, एक नग. आयेने आपल्या एका जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला, त्यात गुंडाळली आणि दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवली. त्या दोन स्वेटरांचा असा उपयोग होईल असं घेताना वाटलं नव्हतं.

आज दुपारी बॅग बंद केली. तिकिटावर माणशी तेवीस किलो लिहिलेत. आमच्याकडे वजनकाटा नाही, म्हणून दालदी काकांनी मासे तोलायचा लोंबता काटा आणला. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकायचं काम चाललंय, त्यामुळे काटा मोकळाच होता. ओटीच्या वाशाला तो अडकवला, यांनी आणि काकांनी मिळून बॅग आकड्याला लावली. लगेच खालून आयेचा प्रश्न आला, "किती झाला?"

"साडेएकवीस."

"मगे अजून दीड किलो जागा आसा," आये म्हणाली, आणि सोलांच्या सुपाकडे बघू लागली.

पाकिटातली आमसुलं भरलीयत, मोकळी सोलं नेता येत नाहीत, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं. ती हो म्हणाली. मग तिने सुपातली दोन सोलं उचलली, एक माझ्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या तोंडात टाकली. दक्षिणेकडून ढग यायला लागले होते. मी मिरच्या आत घेतल्या.